वाचकांचे प्रश्न : लायडनच्या बास्केटबॉल संघाचे पहिले विजेतेपद कोणते?

प्रश्न : नेदरलँड्समधील लायडन शहराच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाने पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९७८ मध्ये मिळवले, असे मी एके ठिकाणी वाचले, तर दुसरीकडे तेच वर्ष २०११ असल्याचे आढळले. यांपैकी खरे काय समजावे? शिवाय या संघाच्या नावात एका विमा संस्थेचे नाव कसे आले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण दिलेली दोन्ही वर्षे खरी आहेत. घोटाळा आहे तो ‘संघ’ या शब्दात. लायडनमध्ये एकाच नावाचा धागा पुढे चालवणाऱ्या, पण कागदोपत्री वेगळ्या असलेल्या दोन संस्था होऊन गेल्या आहेत. त्यांपैकी पहिली काळाच्या ओघात संपली आणि दुसरी २००६ मध्ये नव्याने उभी राहिली. १९७८ चे विजेतेपद पहिलीचे आणि २०११ चे दुसरीचे. शहराचा हिशेब मांडणारा १९७८ पासून मोजतो आणि संस्थेचा हिशेब मांडणारा २०११ पासून.

यात आपला दुसरा प्रश्नही आपोआप गुंतलेला आहे, कारण १९७८ मध्ये जिंकलेल्या संघाचे नाव नुसते लायडन नव्हते, तर ‘पार्कर लायडन’ असे होते. पार्कर म्हणजे आपल्याकडेही अनेकांच्या खिशाला लावलेले असे, तेच पेन. त्या काळातील डच विजेत्यांची यादी पाहिली तर आपण क्रीडावृत्त वाचतो आहोत की जाहिरातींचे पान, असा प्रश्न पडावा. १९७२ आणि १९७३ मध्ये जीन्सच्या कंपनीचे नाव लावणारा ‘लेव्हीज फ्लेमिंगोज’ विजेता ठरला. डेन बॉश येथील बलाढ्य संघ बरीच वर्षे ‘नॅशुआ’ या नावाने खेळला आणि १९७९ मध्ये युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीच्या कांतूकडून हरला. ग्रोनिंगेनच्या विद्यार्थ्यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेल्या ‘डोनार’ला पहिले विजेतेपद १९८२ मध्ये मिळाले, तेव्हा त्याच्याही नावापुढे ‘नॅशनाले-नेदरलँडन’ ही विमा कंपनी होती. डोनार हा जुना जर्मानिक मेघगर्जनेचा देव. पुढे प्रायोजक बदलत गेले तसे या देवाचे नाव नाहीसे होऊन संघ कधी ‘कॅपिटल्स’, तर कधी ‘फ्लेम्स’ झाला आणि २०१४ मध्ये तो पुन्हा ‘डोनार’ या मूळ नावावर आला.

हे असे का होते, ते समजायला तेथील खेळाचे अर्थकारण पाहावे लागते. नेदरलँड्समध्ये फुटबॉलची सावली इतकी दाट आहे की इतर सांघिक खेळांच्या वाट्याला प्रेक्षक आणि प्रसारणाचा पैसा, दोन्ही बेताचेच येतात. लायडनचा संघ ज्या ‘फायफ मेइहाल’ नावाच्या सभागृहात खेळतो तेथे जेमतेम दोन हजार प्रेक्षक मावतात. (या नावाचा अर्थ ‘५ मे सभागृह’. ५ मे हा नाझी ताब्यातून सुटकेचा राष्ट्रीय दिवस आहे.) दोन हजार तिकिटांच्या विक्रीतून परदेशी खेळाडूंचे मानधन, प्रवास आणि प्रशिक्षक यांचा वर्षभराचा खर्च निघणे अवघड आहे. त्यामुळे मुख्य प्रायोजकाला नुसती जर्सीवरची जागा देऊन भागत नाही, संघाचे नावच त्याला द्यावे लागते. प्रायोजकाने हात आखडता घेतला की नाव जाते, आणि पुष्कळदा नावाबरोबर संघही जातो. लायडनच्या जुन्या संघाने पार्करनंतर ‘एल्मेक्स’ या टूथपेस्टचेही नाव लावले, पण पुढे व्यावसायिक बास्केटबॉल त्या शहरातून नाहीसा झाला आणि २००६ पर्यंत परतला नाही.

२००६ मध्ये उभ्या राहिलेल्या संघाला ‘झोर्ग एन झेकरहाइड’ या आरोग्यविमा संस्थेचे नाव मिळाले. डच भाषेत त्याचा अर्थ ‘काळजी आणि सुरक्षितता’ असा आहे. लोक त्याला थोडक्यात ‘झेडझेड लायडन’ म्हणतात. ही संस्था लायडनचीच असल्यामुळे हे नाव पार्कर किंवा एल्मेक्सइतके उपरे वाटत नाही, आणि इतकी वर्षे ते टिकून राहिले यामागेही हे स्थानिक नाते असावे, असे मला वाटते.

नव्या संघाने २०१० मध्ये राष्ट्रीय चषक (ही राष्ट्रीय विजेतेपदाहून वेगळी स्पर्धा) जिंकला आणि लगेच पुढच्या हंगामात, टून व्हान हेल्फ्टरेन यांच्या मार्गदर्शनाखाली, विजेतेपदाच्या अंतिम फेरीत धडक मारली. समोर होता ग्रोनिंगेनचा संघ, तेव्हाचे नाव ‘गॅसटेरा फ्लेम्स’, म्हणजे नैसर्गिक वायूच्या व्यापारातील कंपनीचे. सात सामन्यांची ही मालिका तीन-तीन अशी बरोबरीत आली आणि सातवा सामना चाळीस मिनिटांत निकाली निघाला नाही. बास्केटबॉलमध्ये बरोबरी ठेवण्याची सोय नाही, त्यामुळे पाच मिनिटांचा जादा वेळ देण्यात आला. तोही बरोबरीत संपला म्हणून दुसरा, मग तिसरा जादा वेळ द्यावा लागला. पंचावन्न मिनिटांच्या खेळानंतर लायडनने ९६-९५ असा एका गुणाने सामना आणि विजेतेपद जिंकले. १९७८ चा आनंद आठवणाऱ्या पिढीच्या दृष्टीने त्या रात्री जुनाच संघ परतला होता, हे समजण्यासारखे आहे. पण नोंदवही ठेवणाऱ्याने भावनेत वाहून जाऊ नये. माझे मत विचाराल तर १९७८ ची नोंद शहराच्या खात्यात ठेवावी आणि २००६ च्या संस्थेची मोजणी २०११ पासून करावी. २०१३ आणि २०२१ ची विजेतेपदे याच दुसऱ्या खात्यात येतात. एका संस्थेने मिळवलेले दुसरीच्या नावावर मांडले, तर जी माणसे जुना संघ चालवताना थकली आणि जी माणसे कोऱ्या कागदावर नव्याने सुरुवात करायला पुढे आली, त्या दोघांवरही अन्याय होतो.

प्रश्न : २०२२ चा विजेता कोण, याविषयीही मला दोन वेगळी उत्तरे मिळाली. तेथेही दोन संघ आहेत काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही, या वेळी स्पर्धा दोन होत्या. छोट्या बाजारपेठेवर उपाय म्हणून नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी आपापल्या साखळी स्पर्धा एकत्र करून २०२१-२२ पासून ‘बीएनएक्सटी लीग’ सुरू केली, परंतु प्रत्येक देशाचे राष्ट्रीय विजेतेपद कायम ठेवले. पहिल्याच हंगामात डच विजेतेपद डेन बॉशच्या ‘हिरोज’ संघाने मिळवले, तर दोन देशांची एकत्रित लीग लायडनने जिंकली. आपल्याला मिळालेली दोन्ही उत्तरे त्यामुळे बरोबर आहेत. प्रश्नात स्पर्धेचे नाव घातले असते, तर उत्तर एकच मिळाले असते.

प्रश्न : पॅरिस ऑलिंपिकमध्ये डच संघाला सुवर्ण मिळवून देणारा खेळाडू लायडनचाच होता, हे खरे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वर्थी डे योंग यांचा जन्म सुरिनामची राजधानी पारामारिबो येथला. परंतु लायडनच्या संघातून ते अनेक हंगाम खेळले आणि तेथील प्रेक्षकांना ते आपलेच वाटतात. २०२४ मध्ये तीन विरुद्ध तीन खेळाडूंच्या बास्केटबॉल प्रकारात अंतिम सामना यजमान फ्रान्सशी जादा वेळेत गेला, आणि डे योंग यांनी लांबून टाकलेल्या दोन गुणांच्या फेकीने नेदरलँड्सने तो १८-१७ असा जिंकला. या प्रकारात जादा वेळेत आधी दोन गुण करणारा संघ विजयी ठरतो, त्यामुळे चेंडू जाळीतून पडला त्याच क्षणी सामना संपला.