आधी वरचा, मग खालचा

प्रश्न : माझी गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी. डिफरेन्शियलमधलं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यातलं ऑइल घरीच बदलायला घेतलं, पण ते सोडायचा खालचा ड्रेन प्लग जागचा हलत नाही. प्लगला चौकोनी खाच आहे. रॅचेटचा अर्ध्या इंची चौकोन त्यात घातला, वर पाइप चढवून जोर लावला, तर खाचेचे कोपरेच झिजायला लागले. मित्र म्हणतो, गॅसने तापव. तापवू का?

उत्तर : नको. आणि तो पाइपही तूर्त बाजूला ठेवा. आधी एक सांगा, ऑइल भरायचा वरचा फिलर प्लग उघडून पाहिलात का? तुमच्या पत्रात त्याचं नावच नाही, म्हणून विचारतो.

उमेदीच्या काळात मी एकदा खालचा प्लग मोठ्या फुशारकीने काढला, सगळं ऑइल घमेल्यात सोडलं आणि मग वरच्याला हात घातला. तो हलेना. डिफरेन्शियल कोरडं, गाडी जॅकवर, मालक समोर उभा. दोन दिवस गाडी तशीच होती. तेव्हापासून वरचा प्लग सुटल्याशिवाय मी खालच्याला पाना लावत नाही.

वरचा सुटला, तर तुमचं निम्मं संकट टळलं. त्याच भोकातून नळी घालून हातपंपाने ऑइल ओढून काढता येतं. तळाशी थोडा गाळ राहतो, पण कोपरे मेलेल्या प्लगशी झटण्यापेक्षा मी हेच पसंत करीन. काही गाड्यांना मागचं झाकण बोल्टांवर असतं, ते उघडलं की गाळही पुसून निघतो.

तरी प्लग काढायचाच असेल, तर कोपरे का झिजले ते बघा. खाच वरून रिकामी दिसते, पण तळाशी वर्षानुवर्षांचा चिखल दगडासारखा बसलेला असतो. त्यामुळे चौकोन पूर्ण आत जात नाही, टोकावर अडकतो आणि सगळा जोर कडांवर येतो. जुन्या स्क्रूड्रायव्हरने खरवडून, तारेच्या ब्रशने घासून तळाचं लोखंड दिसू द्या. मग माप घ्या. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. खाच मिलिमीटरच्या मापाची असेल तर इंची चौकोन त्यात डुगडुगणारच. ड्रेन प्लगच्या चौकोनी चाव्या त्या त्या मापाच्या मिळतात, तीच आणा. शिवाय एवढ्या जोराला रॅचेट वापरू नका, आतले दात तुटतात. लांब दांड्याचा साधा ब्रेकर बार बरा.

गंज सोडवणारं तेल प्लगच्या कडेने मारून रात्रभर मुरू द्या. सकाळी चावी खाचेत बसवून तिच्या डोक्यावर सरळ रेषेत हातोड्याचे चार-पाच ठोके द्या, आट्यांतला गंज फुटतो. (हाउसिंग, म्हणजे प्लग ज्यात बसतो ते कवच, ॲल्युमिनियमचं असेल तर हात आवरून.) मग आधी किंचित आवळायच्या दिशेने झटका द्या आणि नंतर सोडा. उताणं झोपून काम करताना दिशा हमखास चुकते, आणि आपण प्लग आवळत बसतो. प्लगचं तोंड तुमच्याकडे असेल तर सोडायची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट. हे सगळं गाडी स्टँडवर असेल तरच; नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली ब्रेकर बारला लोंबकळू नका.

आता तापवणं. उघडी ज्योत अजिबात नको. आत ऑइल, बाहेर तुम्हीच मारलेलं तेल, शेजारी रबरी सील. हवाच असेल तर ते तेल आधी नीट पुसा आणि हीट गनने प्लगभोवतीचं हाउसिंग तापवा, प्लग नव्हे. भोक फुगलं पाहिजे.

एवढ्यानेही नाही सुटला तर प्लगवर नट वेल्ड करून घ्यावा लागतो. ते काम वेल्डिंगवाल्याचं. आधी बॅटरीची वायर काढायची.

प्लग निघाला की त्याच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बघा. राखाडी पेस्ट चालते, टोकदार तुकडा दिसला तर गिअर तपासून घ्या. नवा प्लग आधीच आणून ठेवा. सरळ आट्यांचा असेल तर वॉशरही नवा हवा. निमुळत्या आट्यांच्या प्लगला वॉशर नसतो, तो शोधत बसू नका. नवं ऑइल गाडी सपाट जमिनीवर ठेवून, वरच्या भोकाच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत भरा. आणि कपडे टाकाऊच घाला. गिअर ऑइलचा तो गंधकाचा वास तीन धुण्यांतही जात नाही.