'आय वुड बी लेट' की 'आय विल बी लेट'?

प्रश्न : मुलुंडहून येताना गाडी रखडली की ऑफिसच्या ग्रुपवर मी 'आय वुड बी लेट' टाकतो. शेजारी बसणारी सहकारी म्हणते, 'विल' लिही. 'वुड' जास्त अदबीचं नाही का?

सहकारी बरोबर सांगतेय. गाडी अडकलीय, उशीर होणारच आहे, तिथे 'विल'. 'वुड' ऐकलं की मातृभाषा इंग्रजी असलेला माणूस पुढच्या 'इफ'ची वाट बघतो. 'आय वुड बी लेट इफ आय टुक द स्लो', म्हणजे स्लो पकडली तर उशीर होईल, म्हणून मी काही ती पकडत नाही.

तरी 'वुड' तुम्हाला अदबीचं वाटलं ते उगाच नाही. ते मुळात 'विल'चं भूतकाळी रूप, जसं 'कॅन'चं 'कुड'. आणि काही मागायचं झालं की भूतकाळात शिरायची खोड आपल्यालाही आहेच. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन आपण 'उद्या रजा हवी होती' म्हणतो. रजा उद्याचीच, पण त्या 'होती'मुळे मागणीची धार जाते, साहेबांना नाही म्हणायला वाव राहतो. 'वुड यू सेंड द फाइल?' यातही तेच घडतं. तेव्हा विनंती करताना 'वुड', 'कुड' खुशाल वापरा. उशीर होणार हे मात्र तुम्ही नुसतं कळवताय, मागत काहीच नाही. अदबीसाठी 'सॉरी' आहे की!

अर्थात आपल्याकडे हे 'वुड' इतकं रुळलंय की ग्रुपवर कुणाचं अडणार नाही. मीही त्यावरून कुणाला टोकत नाही. पण लंडनच्या क्लायंटला 'वी वुड डिलिव्हर ऑन फ्रायडे' लिहू नका, तो 'जर-तर'चं काय ते विचारत बसेल. दुसऱ्याचं बोलणं सांगताना मात्र 'वुड' हवंच : 'ही सेड ही वुड कम'.

जाता जाता 'कुड'बद्दल. 'आज फास्ट पकडता आली' याचं आपण 'टुडे आय कुड कॅच द फास्ट' करतो. एखाद्या वेळी साधलेल्या गोष्टीला इंग्रजीत 'कुड' सहसा लावत नाहीत. 'आय मॅनेज्ड टु कॅच द फास्ट' म्हणा, किंवा सरळ 'आय कॉट द फास्ट'. नकारात 'कुडन्ट' बिनदिक्कत चालतं, आणि सकाळच्या गर्दीत गरज त्याचीच जास्त पडते.