एआर चष्मा रोज घालायचा तर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एआर (ऑगमेंटेड रिअॅलिटी) चष्मा समोरच्या दृश्यावर अक्षरे-चित्रे दाखवतो. त्याच्या जाहिरातीत ‘दृश्यक्षेत्र ५० अंश’ (चित्र डोळ्यासमोर किती मोठे दिसते ते) असे ठळक छापलेले असते. रोजच्या वापरासाठी हाच आकडा बघायचा का?

उत्तर : आधी वजन बघा. साधा नंबरचा चष्मा २० ते ३५ ग्रॅम भरतो. एआर चष्मा ५० ग्रॅमच्या आत असेल तर दिवसभर निभावतो. ७०-८० ग्रॅमचा असला की तासा-दोन तासांत नाकावर वळ उठतात. (२०१९ सालचा मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ हा डोक्यावर चढवायचा एआर संच तर ५६६ ग्रॅमचा. कारखान्यात ठीक, पण त्याला चष्मा म्हणणे धाडसाचेच.) वजन कुठे आहे हेही पाहा. बॅटरी काड्यांच्या टोकाला, कानामागे असेल तर नाकावरचा भार हलका होतो. घेण्याआधी चष्मा घालून खाली वाका आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधा. तेव्हा घसरला तर रोज घसरणार.

आता दृश्यक्षेत्र. सूचना, रस्त्यावरची वळणे, भाषांतराच्या ओळी वाचायला २०-२५ अंश पुरतात. सिनेमा बघायचा असेल तर ४५-५० हवेत, पण मग काच जाड होते आणि बहुधा केबलही गळ्यात येते.

प्रश्न : घरात अक्षरे स्वच्छ दिसतात, उन्हात गेलो की पुसट होतात. चष्मा बिघडला का?

उत्तर : नाही. चष्म्याचा पारदर्शक पडदा समोरच्या दृश्यात उजेड मिळवू शकतो, त्यातून वजा करू शकत नाही. म्हणूनच काळा रंग त्यावर नुसता पारदर्शक दिसतो. उजळ आकाश ८,००० निट्सचे (निट हे उजळपणाचे माप) आणि चष्म्याचा उजेड डोळ्यापाशी १,००० निट्स धरला, तर अक्षर मागच्या आकाशापेक्षा जेमतेम एक अष्टमांशाने उजळ ठरते. काचेवर बाहेरून १५ टक्केच उजेड आत सोडणारी गॉगल क्लिप लावा. आकाश १,२०० निट्सवर येते आणि तेच अक्षर पार्श्वभूमीच्या पावणेदोन पटींहून उजळ होते. क्लिप आतून लावली तर अक्षरेही तितकीच मंदावतात, म्हणजे फायदा शून्य.

माहितीपत्रकात लाखांत निट्स दिसले तर तो आकडा आतल्या मायक्रो-एलईडी पॅनेलचा, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या इवल्या दिव्यांच्या पट्टीचा समजा. वेव्हगाइड काचेतून (पॅनेलचा प्रकाश डोळ्याकडे वळवून आणणाऱ्या काचेतून) त्यातला अगदी थोडा भाग डोळ्यापर्यंत पोहोचतो. आपली नजर हिरव्या रंगाला सर्वांत तीक्ष्ण असते, म्हणून कमी विजेत जास्त उजळ दिसावे यासाठी अनेक एकरंगी चष्मे हिरवीच अक्षरे दाखवतात. बाहेर वापरायचा असेल तर रंगीत पडद्याच्या हौसेपेक्षा हा हिरवा बरा.

प्रश्न : मला उणे ३.५ नंबर आहे, शिवाय सिलिंडर. आमचा चष्मेवाला काच बसवून देईल का?

उत्तर : मूळ काच घासून देणार नाही. वेव्हगाइडवर प्रकाश वळवणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा असतात. घासले की त्या गेल्याच. डोळ्याच्या बाजूने वेगळे नंबरचे भिंग बसते, ते मागवा. चित्र साधारण दोन मीटर किंवा त्याहून लांब भासेल असे रचलेले असते, म्हणून दूरचा नंबर द्या. प्रोग्रेसिव्ह भिंगाच्या (वर दूरचा, खाली जवळचा नंबर असलेल्या) खालच्या भागातून ते अस्पष्ट दिसेल.

नाकाच्या मध्यापासून बुबुळापर्यंतचे अंतर दोन्ही डोळ्यांचे वेगवेगळे मोजून घ्या, उदाहरणार्थ उजवा ३१ मिमी, डावा ३२. चित्राची खालची कड किंवा एक बाजू कापली जात असेल तर नंबरवर संशय घेण्याआधी नाकावरचे पॅड बदलून पाहा. डोळा ठरलेल्या चौकटीबाहेर दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी अक्षरे गायब होऊ शकतात.

प्रश्न : बॅटरी ‘दिवसभर’ म्हणतात, मला मात्र तासभरही मिळत नाही.

उत्तर : काडीत २०० एमएएचची बॅटरी असेल तर ३.८५ व्होल्टला ती सुमारे ०.७७ वॅट-तास होते. अधूनमधून सूचना दाखवताना सरासरी ०.१ वॅट लागले तर सात तास निघतात. कॅमेरा आणि पडदा सतत चालू राहून १ वॅट खाल्ला तर पाऊण तास. पडदा पाच-दहा सेकंदांत आपोआप बंद होऊ द्या आणि मान वर केल्यावरच उजळेल असे सेटिंग ठेवा. त्याने कानशिलाजवळची काडी तापणेही थांबते.

प्रश्न : केबलचा चष्मा फोनला लावला की दिवा लागतो, चित्र येत नाही.

उत्तर : फोनच्या टाइप-सी पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड, म्हणजे त्याच पोर्टमधून चित्र बाहेर पाठवण्याची सोय, आहे का ते तपासा. नसेल तर चष्म्याला वीज मिळते, चित्र नाही. चार्जिंगच्या साध्या केबलनेही हेच होते. चष्म्यासोबतची केबल आणि चित्र देणारा एखादा लॅपटॉप घेऊन पाहा. तिथे चित्र आले तर दोष फोनकडेच.