पाठीतलं पाणी काढायला सही द्यावी का?

प्रश्न : एकतिसाव्या आठवड्यातच बाळंत झाले. मुलगी १४०० ग्रॅमची, अकरा दिवस काचेत आहे. आता जंतुसंसर्ग झालाय म्हणून डॉक्टर पाठीतलं पाणी काढून तपासायचं म्हणतात. सासूबाई म्हणतात, त्यानं मूल लुळं पडतं. डॉक्टरांशी नवरा आणि दीर बोलतात, मला कुणी काही विचारत नाही. – एक आई

उत्तर : ताई, आधी पाण्याचं बोलू, कारण ते काम फार थांबणारं नाही. संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलाय का, म्हणजे मेंदूज्वर झालाय का, हे त्या पाण्यावरून कळतं.

मूल लुळं पडण्याची भीती पुष्कळ घरांत आहे. पण नवजात बाळाचा मज्जारज्जू कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो आणि सुई त्याच्या खालच्या फटीत घालतात. तिथं फक्त नसांचे सुटे धागे असतात. एक-दोन मिली पाणी पुरतं. पुढे ज्या मुलांना अधूपण येतं, ते बहुधा मेंदूज्वरामुळे येतं आणि नाव मात्र सुईचं होतं.

एवढ्या लहान बाळाची मान मेंदूज्वरातही सहसा ताठ होत नाही. दूध न पचणं, सुस्ती, मध्येच श्वास थांबणं ही लक्षणं रक्तातल्या संसर्गातही दिसतात, म्हणून वरून फरक कळत नाही. उपचारात मात्र मोठा फरक आहे. रक्तातल्या संसर्गाला साधारण १० ते १४ दिवस अँटिबायोटिक लागतं, मेंदूज्वराला बऱ्याचदा २१ दिवस आणि डोसही मोठा. पाणी न तपासता औषध लवकर बंद झालं, तर आजार उलटू शकतो. म्हणून माझं मत सही द्यावी असंच आहे.

सहीआधी विचारा : प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती आहेत? श्वास स्थिर आहे का? सुईच्या जागी कातडीला संसर्ग नाही ना? यातलं काही बिघडलेलं असेल, तर डॉक्टर स्वतःच तपासणी पुढे ढकलतात. तशी ती लांबली, तरी अँटिबायोटिक सुरू झालंय ना, याची खात्री करा.

आता सहीचं. आईची सही पूर्ण चालते. आईवडील हजर असताना दिरांनी सही करायचं कारण नाही. (जिवावर बेतलं, तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत, आणि ते योग्यच आहे.) राऊंड कधी संपतो ते सिस्टरना विचारा आणि त्यानंतरची दहा मिनिटं मागा. नवऱ्याला सोबत न्या, म्हणजे दोघांच्या कानावर एकच गोष्ट पडेल. वहीत रोजचं वजन, दर फीडला किती मिली दूध, ऑक्सिजन किती आणि औषधाचा कितवा दिवस हे लिहा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल, तर कागदपत्रांसाठी लेखी अर्ज द्या. ७२ तासांत ती देणं बंधनकारक आहे.

सरकारी नवजात कक्षात असाल, तर आईबापांना काळजीत सामील करून घेण्याच्या केंद्राच्या सूचना २०१७ पासून आहेत. हात कसे धुवायचे, वाटी-चमच्यानं दूध कसं पाजायचं, हे शिकवा म्हणून सांगा. बाळ स्थिरावलं की त्याला उघड्या छातीशी धरायला कधी देणार, तेही विचारा.

एक गोष्ट बरेचदा सुटते. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो. तोवर घरी सोडलं असलं, तरी ही तारीख चुकवू नका.