सताप लावताय? आधी एवढंच सांभाळा

पहिल्यांदाच सताप लावताय, छान! रोप चिवट असतं, एकदा रुजलं की वर्षानुवर्षं टिकतं. नवखे त्याला मारतात ते लाडानं, रोज पाणी घालून. वरची माती बोटभर कोरडी झाली की मगच पाणी द्या. कुंडीला खाली भोक हवंच.

- दिवसाला सहा तास ऊन. सावलीत फांद्या लांबतात, पिवळी फुलं रोडावतात.
- बी खोल पुरू नका, मातीवर भुरभुरा.
- छाटताना हातमोजे घालाच! रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात. मी ऐकलं नव्हतं. डाग कितीतरी दिवस मिरवले.

पानांवर अळ्या दिसल्या तर लगेच फवारू नका, बहुधा त्यांची फुलपाखरं होतात. खताचं नंतर बोलू.