'नेर्विओस' म्हणते, तर तेच धरून बोला

शेजारीण ग्वातेमालाची, बाळंत होऊन दोन महिने झाले, रडते, झोपत नाही, आणि विचारलं तर "नेर्विओस" एवढंच म्हणते. ही अंधश्रद्धा कशी घालवायची, असं तुम्ही विचारलंय. मी कॅलिफोर्नियात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. माझं ऐकाल तर घालवायला जाऊच नका.

जीव घाबरा होणं, हात थरथरणं, झोप उडणं, सगळं त्या एका शब्दात येतं. 'देप्रेसिओन', म्हणजे डिप्रेशन, म्हटलं की मात्र तिला ऐकू येतं 'लोका', म्हणजे वेडी. वेडी ठरले तर पोर काढून नेतील, ही पुढची भीती. इथे राहण्याची कागदपत्रं नसली तर विचारूच नका.

आपला सव्वा महिना, तशी त्यांची ४० दिवसांची 'क्वारेन्तेना'. डोकं झाकायचं, गार वारा नको, कोंबडीचं गरम सूप, पोट बांधून ठेवायचं. माझ्या आजीला हे सगळं पटलं असतं! पण त्याला घरात आई, मावशी, सासू लागते. त्या सगळ्या तिकडे. काहींची तर थोरली मुलंही गावी आजीपाशी असतात. रूढीपेक्षा ती पाळायला माणूस नाही, हेच दुखणं मला मोठं वाटतं.

एक समजूत मात्र खरंच आड येते. संतापानं किंवा धसक्यानं अंगावरचं दूध बिघडतं, असं बरेच जण मानतात. मग बाई रडूसुद्धा गिळते. त्यात मेरीमातेसारखं मुकाट सोसणारी ती चांगली आई. घरचेही "एचाले गानास" म्हणतात, म्हणजे जरा नेट लाव.

तेव्हा आजाराचं नाव काढू नका. "बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नाही का?" एवढं विचारा. गरम काहीतरी घेऊन जा, तासभर बाळ घ्या. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायची एडिंबरा प्रश्नावली (१९८७ची, १० प्रश्न) स्पॅनिशमध्ये मिळते, पण आधी तिची घरची भाषा विचारा. ग्वातेमालाच्या कित्येकींची ती माम किंवा किचे, म्हणजे तिथली माया भाषा असते. आम्ही एकदा स्पॅनिश दुभाषी बसवून अर्धा तास घालवला. बाई नुसती मान हलवत होती.

बाळंतपणानंतरचं साधं रडवेलेपण दोनेक आठवड्यांत ओसरतं. इथे दोन महिने झालेत, म्हणजे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. १-८३३-८५२-६२६२ ही आयांसाठीची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, रात्रीही चालू असते, स्पॅनिश बोलतात. पहिला फोन तिच्याशेजारी बसून तुम्हीच लावून द्या. स्वतःला किंवा बाळाला काही करण्याची भाषा निघाली, तर थांबू नका, लगेच ९११.