आमरसासाठी हापूसच लागतो का? नाशिकमध्ये गावठी आंब्याचा रस केला तर चालेल का? आणि कर्नाटकचा हापूस ओळखायचा कसा?

हापूसच लागतो हे कोणी सांगितलं तुम्हाला? आमच्या व्याह्यांनी सांगितलं असेल तर सोडून द्या.

2018 ला अधिक ज्येष्ठ होता. म्हणजे धोंड्याचा महिना ऐन आंब्यात. लेक-जावई जेवायला येणार आणि या वेळी व्याही-विहीणबाईसुद्धा. माणसं देवगडकडची. मी पेठ तालुक्याकडच्या ओळखीच्या बाईंना रायवळ, म्हणजे गावठी आंबा, सांगून ठेवला होता. त्यांच्या बांधावर शेप्या आहे, म्हणजे शेपूच्या वासाचा आंबा, पलीकडे साखऱ्या, साखरेसारखा गोड. शेप्याचा एकट्याचा रस करायचा नाही, वास डोक्यात जातो. साखऱ्यात थोडा मिसळला की मग बघा.

माळ्यावर पेंढा पसरून आंबे पिकायला आढी घातली. रोज चाचपून पिकलेले वेगळे काढायचे. त्या दिवशी सकाळीच आंबे पाण्यात टाकले, डेख म्हणजे देठ काढून चीक पिळून दिला आणि माचत, म्हणजे हाताने दाबून मऊ करत, बसले. कोयी, साली वाटीभर दुधात खळबळून तेही रसात. मग चाळणीतून गाळून चिमूटभर सुंठ, कणभर मीठ. साखर नाही. वरून तूप ज्याचं त्याने.

व्याह्यांनी वाटीकडे बघितलं आणि म्हणाले, "अहो, हे बिटके. आमच्याकडे झाडाखाली पडून असतात." मग स्वतः आणलेली पेटी उघडायला लावली. पहिला कापला, आत पांढरा साका, म्हणजे न पिकलेला स्पंजासारखा गर. दुसरा कापला, त्यातही साका. "यंदा ऊन फार," म्हणाले. आमच्या रायवळाला काय सावलीत ठेवलं होतं? इतक्या वर्षांत गावठी आंब्यात मी साका बघितलेला नाही.

त्याच ऑक्टोबरात कोकणच्या हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, एवढ्या पाच जिल्ह्यांना. ती बातमी त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकली, सोबत एक अक्षर नाही. मी लिहिलं, 2007 ला हापूस अमेरिकेला निघाला तेव्हा कोयीतल्या भुंग्यासाठी किरणं मारून घ्यायला त्याला आमच्या निफाड तालुक्यात, लासलगावच्या कांद्याच्या केंद्रात यावं लागलं होतं. त्यावर नुसता अंगठा आला.

असो. तुम्ही रसाचं विचारलंय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रस हवा असेल तर रायवळ विसरा, तो तेव्हा झाडावर कच्चाच असतो. मेअखेर ते पहिला पाऊस, एवढाच त्याचा काळ. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडच्या बायका पाट्या घेऊन येतात, त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका. माझं माहेर सटाण्याचं. आखाजीला घागर पुजून पितरांना रसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्याकडे आंबा तोंडात घालत नाहीत. तो नैवेद्यही बहुतेक बदाम नाहीतर लालबाग जातीच्या आंब्याच्या रसाचा असायचा, पितरांनी कधी तक्रार केली नाही. हल्ली मी केशर घेते. गीरचा असो की मराठवाड्याचा, रस दाट होतो, रंग सुरेख.

हापूस कापून खायचा आंबा आहे. त्याचा रस इतका घट्ट होतो की पुरणपोळी त्यात बुडतच नाही. रस वाटीने पिता आला पाहिजे, सोबत कुरडई. कोणाला श्रीखंडासारखा आवडत असेल तर त्याने खुशाल खावा.

कर्नाटकचा ओळखायचा म्हणाल तर त्याची साल जरा जाड असते आणि आतून केशरीपेक्षा पिवळ्याकडे झुकतो म्हणतात. पण पेटीवर छापलेल्या गावाच्या नावावर जाऊ नका. विकणारा एक कापून दाखवत असेल तर घ्या, नाहीतर पुढच्या गाडीवर जा. पेटीत आंबे पिकवायच्या कार्बाइडची पुडी सापडली तर तिथूनच परत फिरा, त्यावर बंदी आहे.

एक राहिलं. रायवळाची चव झाडागणिक वेगळी, त्यामुळे पाटीतला एक तिथेच चोखून बघा. रस मिक्सरमधून काढू नका, रेषा तुटून कुसासारख्या घशाला लागतात. केशरला मिक्सर चालतो. आणि घरात लहान मूल किंवा कवळी लावणारं कोणी असेल तर गाळलेल्या रायवळातही एखादी रेषा राहतेच, त्यांच्यासाठी वाटीभर केशरचा वेगळा काढा.